केनियातली रद्द झालेली निवडणूक, आणि निवडणूक निरीक्षणात करिअर करायचं असेल तर समजून घ्यायच्या गोष्टी

१ सप्टेंबर २०१७ ला केनियाच्या सुप्रीम कोर्टाने तिथली राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूकच रद्द केली. सहा न्यायाधीश बसले होते, चौघांनी रद्द करा म्हटलं, दोघांनी विरोध केला, आणि साठ दिवसांत परत मतदान घ्या असा आदेश निघाला. सत्तेवर बसलेल्या राष्ट्राध्यक्षाचा विजय कोर्टाने असा रद्द केला ही आफ्रिकेतली पहिलीच वेळ. आणि त्याच्या जेमतेम तीन आठवडे आधी राजधानी नैरोबीत एकामागून एक पत्रकार परिषदा झाल्या होत्या, युरोपियन युनियन, आफ्रिकन युनियन, कॉमनवेल्थ, अमेरिकेतलं कार्टर सेंटर, सगळ्यांची निरीक्षक पथकं तिथे होती, आणि सगळ्यांचा एकंदर सूर असा होता की मतदान शांततेत झालं, लोकांनी तासन् तास रांगेत उभं राहून मत दिलं, आता हरलेल्यांनी कोर्टात जावं, रस्त्यावर उतरू नये.

या क्षेत्रात यायचंय म्हणणाऱ्या मुलामुलींना मी आधी हीच केस वाचायला सांगते. कारण यात सगळं एकत्र सापडतं, मानवाधिकार कायदा, निवडणूक आयोगाचं रोजचं कामकाज, परदेशी मदतीचा पैसा, आकड्यांचं शास्त्र, आणि बाहेरून आलेल्या निरीक्षकांना काय दिसतं आणि काय दिसत नाही ते पण.

सुरुवात कायद्यापासून करू, कारण तिथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. कोणी उठून दुसऱ्याच्या देशात निवडणूक तपासायला कुठल्या अधिकाराने जातं? तर तसा अधिकार नसतोच. त्या देशाने निमंत्रण दिल्याशिवाय पथक जात नाही. आणि गेल्यावर मोजमाप स्वतःच्या देशातल्या पद्धतीने करायचं नसतं, तर त्या देशाने स्वतः सही करून जगाला जे वचन दिलंय त्याने करायचं असतं. हे वचन मुख्यतः १९६६ च्या नागरी आणि राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारातलं कलम २५. प्रत्येक नागरिकाला मत द्यायचा आणि निवडून यायचा हक्क, ठरावीक काळाने खऱ्याखुऱ्या निवडणुका, सगळ्यांच्या मताला सारखं वजन, आणि गुप्त मतदान, एवढं सगळं त्यात आहे. केनिया या करारात १९७२ ला आला, भारत १९७९ ला. पुढे १९९६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने या कलमाचा अर्थ फोड करून सांगितला, की निवडणूक घेणारी यंत्रणा स्वतंत्र हवी, मतमोजणी उमेदवारांच्या एजंटांसमोर व्हायला हवी, आणि मतदान-मोजणीची स्वतंत्रपणे तपासणी करता यायला हवी.

म्हणून निरीक्षकाने चेकलिस्टवर जेव्हा लिहिलं की "मतदान करताना पोलिस मागे उभा राहून बघत होता", तेव्हा ती नुसती तक्रार राहत नाही. रिपोर्ट लिहिताना टीममधला कायद्याचा माणूस ती नोंद उचलतो आणि गुप्त मतदानाच्या वचनाशी जोडतो. पथकाच्या रिपोर्टमधलं प्रत्येक वजनदार वाक्य असं कुठल्या तरी कराराच्या कलमाला बांधलेलं असतं, निदान असायला हवं. हे जमणारी माणसं कमी आहेत. मानवाधिकार कायदा शिकलेल्यांना या क्षेत्रात जागा आहे ती याच्यासाठी.

आणि एक नियम पाठ करून ठेवा, निरीक्षक हस्तक्षेप करत नाही. २००५ मध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांत आंतरराष्ट्रीय निवडणूक निरीक्षणाच्या तत्त्वांचं घोषणापत्र आलं, त्याच्यासोबत आचारसंहिता आली, आज जवळजवळ सगळ्या गंभीर संस्था ती पाळतात. डोळ्यांसमोर कोणी मतपेटीत गठ्ठा टाकताना दिसला तरी तुम्ही त्याचा हात धरायचा नाही, केंद्राध्यक्षाला असं करा तसं करा सांगायचं नाही, फार तर प्रश्न विचारायचा, वेळ लिहायची, केंद्राचा नंबर लिहायचा आणि वर कळवायचं. तरुण लोकांना हे फार जड जातं आणि मला त्यांचं चुकतं असं अजिबात वाटत नाही, पण परक्या माणसाने एकदा का हात घातला की उद्या हरणारी बाजू "परदेशी लोकांनी निकाल फिरवला" म्हणायला मोकळी, आणि त्या केंद्रावरच्या हजार-दीड हजार लोकांच्या मतांवर कायमचा प्रश्न लागतो.

आता परत केनियाकडे.

आपल्याकडे मतदान संपलं की मशीन सील होतं, स्ट्राँगरूममध्ये जातं आणि मोजणी वेगळ्या दिवशी वेगळ्या ठिकाणी होते. केनियात कागदी मतपत्रिका आहेत आणि मोजणी त्याच केंद्रावर त्याच रात्री होते, बऱ्याचदा शाळेच्या वर्गात कंदिलाच्या नाहीतर बॅटरीच्या उजेडात. मोजणी झाली की केंद्राध्यक्ष एक फॉर्म भरतो, त्याला फॉर्म ३४-ए म्हणतात. कुठल्या उमेदवाराला किती, बाद किती, सगळं त्यावर. पक्षांचे एजंट त्यावर सह्या करतात, एक प्रत दारावर चिकटवतात, आणि त्याचा फोटो टॅबलेटवरून मतदारसंघाच्या आणि राष्ट्रीय केंद्राकडे पाठवायचा असतो. मतदारसंघात या सगळ्यांची बेरीज होऊन ३४-बी तयार होतो, आणि शेवटी देशाचा ३४-सी. ज्यांनी इलेक्शन ड्युटी केलीय, विशेषतः आपल्या जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी, त्यांना आपला १७-सी फॉर्म आठवेल, त्याच जातीचा कागद, फक्त आपल्या १७-सी च्या पहिल्या भागात एकूण किती मतं पडली ते असतं आणि कोणाला किती ते मोजणीच्या दिवशी कळतं. २०१७ ला केनियात असे जवळपास ४१ हजार ३४-ए तयार झाले.

या कागदाच्या मागे रक्त सांडलेलं आहे. डिसेंबर २००७ च्या निवडणुकीत केंद्रांवरचे आकडे आणि नैरोबीत जाहीर झालेले आकडे जुळत नव्हते, घाईघाईने निकाल जाहीर झाला, संध्याकाळी लगेच शपथविधी, आणि त्यानंतरच्या हिंसाचारात हजाराहून जास्त माणसं मेली, लाखो लोक घरदार सोडून पळाले. संयुक्त राष्ट्रांचे माजी महासचिव कोफी अन्नान यांनी मध्यस्थी केली तेव्हा कुठे थांबलं. नंतर चौकशी आयोग नेमला गेला, २०१० मध्ये नवी राज्यघटना आली, आणि त्या घटनेत लिहिलं गेलं की मतदानाची पद्धत सोपी, अचूक, पडताळता येईल अशी, सुरक्षित आणि पारदर्शक असली पाहिजे. राष्ट्राध्यक्षाच्या निवडीला आव्हान द्यायचं तर निकालानंतर सात दिवसांत अर्ज, आणि सुप्रीम कोर्टाने चौदा दिवसांत निर्णय द्यायचा, हे पण घटनेतच.

इथे माइना किआई यांचं नाव घेतलं पाहिजे. केनियाचे मानवाधिकार वकील, तिथल्या राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाचे माजी अध्यक्ष, आणि २०११ ते २०१७ शांततापूर्ण सभा आणि संघटनेच्या हक्कांवरचे संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक, म्हणजे नेमलेले स्वतंत्र तज्ज्ञ. एवढ्या वरच्या पदावर असलेला माणूस, पण २०१७ च्या निवडणुकीच्या आधी ते आणखी दोघांसोबत एका अगदी कोरड्या वाटणाऱ्या मुद्द्यावर कोर्टात गेले, की खालच्या पातळीवर जाहीर झालेला निकाल हा अंतिम समजायचा की नैरोबीत बसलेल्या आयोगाला त्यात "दुरुस्ती" करता येते? तोपर्यंतचा नियम असा होता की खालचे निकाल तात्पुरते, अंतिम काय ते आयोग ठरवणार. अपील कोर्टाने जून २०१७ मध्ये सांगितलं की खाली जाहीर झालेलं तेच अंतिम, वर फक्त बेरीज करायची. लढाई जिंकायला हा एक निकाल पुरला नाही, पण सप्टेंबरचा निकाल या पायावर उभा आहे. मानवाधिकार वकिली म्हटलं की लोकांना तुरुंगातल्या कैद्यांच्या केसेस किंवा जिनिव्हातली भाषणं आठवतात, तेही आहेच, पण एका फॉर्मवरचा आकडा कोणी बदलू शकतो का या प्रश्नावर महिनोन् महिने घालवणं हे सुद्धा तेच काम, आणि माझ्या मते जास्त लोकांच्या उपयोगी पडलेलं काम.

मतदान ८ ऑगस्टला झालं. त्याच्या थोडे दिवस आधी आयोगाच्या तंत्रज्ञान विभागाचे व्यवस्थापक ख्रिस म्सांडो यांचा छळ करून खून झालेला होता, निकाल पाठवायची यंत्रणा ज्यांच्या हाताखाली होती तेच, त्यामुळे वातावरण काय असेल ते समजून घ्या. ११ तारखेला आयोगाने सत्तेवरचे राष्ट्राध्यक्ष उहुरू केन्याटा विजयी जाहीर केले, ५४ टक्के, विरोधी नेते राइला ओडिंगा जवळपास ४५, फरक १४ लाखांहून जास्त मतांचा. पण तोपर्यंत हजारो केंद्रांचे ३४-ए फॉर्म आयोगाकडे आलेलेच नव्हते, नुसते आकडे आले होते. ओडिंगांच्या बाजूने कोर्टात अर्ज केला, कोर्टाने आयोगाला सर्व्हर बघू द्या म्हणून आदेश दिला, आयोगाने तो नीट पाळला नाही, कोर्टाच्या रजिस्ट्रारने फॉर्म तपासले तर काहींवर शिक्का नाही, काहींवर सुरक्षेच्या खुणा नाहीत. कोर्टाने मग असा निष्कर्ष काढला की निकाल पाठवण्याची आणि जुळवण्याची प्रक्रिया घटनेप्रमाणे झाली नाही, आणि प्रक्रियाच पडताळता येत नसेल तर आकडा केवढाही मोठा असो, तो टिकत नाही.

यात एक बारीक गोष्ट आहे आणि ती सोडून पुढे जाता येणार नाही. कोर्टाने "ओडिंगा जिंकले होते" असं कुठेही म्हटलं नाही. उलट केनियातल्याच स्थानिक निरीक्षक संस्थांच्या एलॉग नावाच्या गटाने स्वतंत्रपणे जो अंदाज काढला होता तो आयोगाच्या आकड्याशी जुळत होता, केन्याटा ५४ टक्क्यांच्या आसपास. हा अंदाज काढायची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. देशभरातून रँडम पद्धतीने सुमारे १७०० केंद्रं निवडायची, शहरं-खेडी, सगळे भाग त्यात योग्य प्रमाणात येतील अशी, प्रत्येक केंद्रावर आपला प्रशिक्षित माणूस पहाटेपासून मोजणी संपेपर्यंत बसवायचा, आणि त्याने त्या केंद्राचा आकडा मेसेजने थेट पाठवायचा. शितावरून भाताची परीक्षा म्हणतो ना आपण, तीच, पण शितं कुठली उचलायची ते सांख्यिकीच्या नियमाने ठरलेलं, म्हणून चूक किती होऊ शकते तेही टक्क्यात सांगता येतं. एक्झिट पोलमध्ये मतदाराला विचारतात कोणाला दिलं, तो खोटं बोलू शकतो. इथे मोजलेल्या मतांचा आकडा असतो.

मग दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा? तर खऱ्या असू शकतात. एलॉगचा आकडा सांगतो की खालच्या केंद्रांवरची बेरीज साधारण काय येते. कोर्टाचा प्रश्न वेगळा होता, कायद्याने सांगितलेल्या वाटेने ती बेरीज वरपर्यंत पोचली का, आणि कोणाही नागरिकाला ती तपासता येते का. उत्तर नाही असं आलं. मला तेव्हाही कोर्टाची बाजू पटली होती आणि अजूनही पटते, कारण २००७ ला लोक आकड्यासाठी मेले नव्हते, तो आकडा तपासायला कुठलीच वाट नव्हती म्हणून मेले.

बाहेरून आलेल्या निरीक्षकांचं कुठे चुकलं? मतदान केंद्रावर त्यांनी जे पाहिलं ते बऱ्यापैकी बरोबर होतं. अडचण वेळेची. पथकं मतदानानंतर साधारण दोन दिवसांत प्राथमिक निवेदन देतात, कारण नंतर पत्रकारांचं लक्ष उडतं, थोडे दिवस आलेले निरीक्षक विमानाने परत जातात. केनियात ती निवेदनं आली तेव्हा निकाल वर पोचवायचं काम चालूच होतं, म्हणजे सगळ्यात नाजूक टप्पा. निवेदनांच्या आत "अजून प्रक्रिया संपलेली नाही" वगैरे वाक्यं होती, पण हेडलाइनला "निरीक्षकांची पसंती" एवढंच आलं, आणि विरोधी पक्षाच्या लोकांना वाटलं की जगाने आपल्या तोंडावर दार लावलं. या क्षेत्रातल्या माणसांनी त्यानंतर भाषेबद्दल बरीच काळजी घ्यायला सुरुवात केली, तरी दोन दिवसांच्या निवेदनाची घाई काही संपलेली नाही.

२६ ऑक्टोबरच्या फेरमतदानावर ओडिंगांनी बहिष्कार टाकला, केन्याटांना ९८ टक्के मतं पडली, मतदान चाळीस टक्क्यांच्याही खाली. म्हणजे कोर्टाच्या निकालाने लगेच सगळं सुरळीत झालं असं नाही. पण २०२२ बघा. त्या वर्षी आयोगाने ४६ हजारांहून जास्त केंद्रांचे ३४-ए फॉर्म स्कॅन करून सगळ्यांसाठी वेबसाइटवर टाकले. अधिकृत निकाल यायच्या आधी वर्तमानपत्रं, टीव्ही चॅनल, कॉलेजची पोरं, ज्याला वेळ त्याने डाउनलोड करून स्वतः बेरीज केली. निकाल अगदी अटीतटीचा लागला, विल्यम रूटो ५०.४९ टक्के आणि ओडिंगा ४८.८५, सातातल्या चार आयुक्तांनी निकालापासून हात झटकले, परत केस झाली, पण या वेळी कोर्टाने एकमताने निवडणूक कायम ठेवली. कोणीही फॉर्म उघडून बघू शकत होतं, याने खूप फरक पडला. आपल्याकडे एडीआर या निवडणूक सुधारणांवर काम करणाऱ्या संस्थेने १७-सी मधली माहिती प्रत्येक केंद्रानुसार वेबसाइटवर टाका अशी मागणी सुप्रीम कोर्टात केली होती, मे २०२४ मध्ये निवडणूक चालू असताना कोर्टाने तसा अंतरिम आदेश द्यायला नकार दिला. मला वाटतं ही मागणी रास्त आहे, आणि केनियासारख्या आपल्याहून खूप कमी पैसा असलेल्या देशाला जमलं तर आपल्याला न जमण्यासारखं त्यात काही नाही.

दारावर चिकटवलेल्या कागदाची ताकद झिम्बाब्वेत पण दिसली होती. २००८ ला तिथे निकाल प्रत्येक केंद्राबाहेर लावणं कायद्याने बंधनकारक झालं, लोकांनी त्या कागदांचे फोटो काढले, स्थानिक निरीक्षकांनी नमुन्यावरून अंदाज जाहीर केला की विरोधी नेते त्स्वांगिराई पुढे आहेत, आणि मग सरकारला निकाल दाबून ठेवणं अवघड झालं, तरी अधिकृत आकडा यायला पाच आठवडे लागले. नंतर दुसऱ्या फेरीआधी इतकी मारहाण झाली की त्स्वांगिराईंनी माघार घेतली. कागदाने सगळं वाचत नाही, हे पण त्याच गोष्टीत आहे. त्याच्याही आधी १९८६ ला फिलिपिन्समध्ये नामफ्रेल या नागरिकांच्या संघटनेने समांतर मोजणी केली होती आणि सरकारी मोजणीतले कॉम्प्युटर ऑपरेटर आकडे जुळत नाहीत म्हणून काम सोडून बाहेर पडले होते, थोड्या दिवसांत हुकूमशहा राष्ट्राध्यक्ष मार्कोस देश सोडून गेले.

आता पथकात कोण कोण असतं ते. युरोपियन युनियनचं पथक धरा, वर मुख्य निरीक्षक म्हणून बहुतेक वेळा युरोपियन संसदेचा सदस्य असतो, त्याच्या खाली दहाएक तज्ज्ञांची टीम, कायदा बघणारा, निवडणूक पद्धत बघणारा, राजकारण, मीडिया, सोशल मीडिया, डेटा, सुरक्षा. मीडियावाले अक्षरशः टीव्ही-रेडिओ लावून मोजतात की कुठल्या पक्षाला किती मिनिटं मिळाली आणि कशा सुरात. मग दीर्घकालीन निरीक्षक, साधारण दीड-दोन महिने, वेगवेगळ्या देशांच्या दोघांची जोडी करून जिल्ह्यांत राहायला पाठवतात, खरं शहाणपण या लोकांकडे असतं. मतदार याद्यांत नावं कोणाची गाळली, सभेला मैदान कोणाला नाकारलं, सरकारी गाड्या कोणाच्या प्रचारात, पैसे कुठे वाटले, तक्रारींचं काय झालं, हे मतदानाच्या दिवशी दिसतच नाही. आणि शेवटी अल्पकालीन निरीक्षक, आठवडाभर, जे फोटोत दिसतात. दोनेक महिन्यांनी अंतिम अहवाल येतो, त्यात शिफारशी असतात, आणि पुढच्या निवडणुकीपर्यंत त्यातल्या किती अमलात आल्या हे बघत राहणं हे विकासाच्या क्षेत्रातलं काम, आयोगाला ट्रेनिंग, मतदार नोंदणी, दिव्यांगांसाठी सोयी, कायद्यातले बदल. कंटाळवाणं वाटेल, पण बदल घडतो तो याच मधल्या चार-पाच वर्षांत.

खोटे निरीक्षक पण असतात, हे माहीत असू द्या. काही सरकारं स्वतःच पाहुणे बोलावतात, चांगल्या हॉटेलात ठेवतात, आणि ते लोक टीव्हीवर निवडणूक आदर्श झाली म्हणतात. २०१३ ला अझरबैजानमध्ये मतदानाच्या आदल्या दिवशीच आयोगाच्या मोबाइल ॲपवर निकाल दिसले, चाचणीचा जुना डेटा चुकून गेला असा खुलासा झाला, आणि त्या निवडणुकीत वॉर्सातल्या ओडीआयएचआर या अनुभवी संस्थेने (ही ओएससीई या युरोपातल्या सुरक्षा आणि सहकार्याच्या संघटनेची निवडणूक निरीक्षण करणारी शाखा) गंभीर त्रुटी दाखवल्या, तर युरोपातल्याच संसद सदस्यांच्या पथकाने निवडणूक मुक्त आणि पारदर्शक होती असं म्हटलं. एकच दिवस, एकच देश. म्हणून कोणाचं निवेदन वाचताना आधी बघा, पथक किती दिवस होतं, पद्धत जाहीर केलीय का, पैसे कोणी दिले.

भारतीय पासपोर्टवर यात शिरता येतं का, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. येतं, पण सगळी दारं उघडी नाहीत. युरोपियन युनियनच्या पथकांत मुख्यतः त्यांचेच नागरिक घेतात. ओडीआयएचआर कडे बहुतेक निरीक्षक ओएससीईच्या सदस्य देशांची सरकारं पाठवतात आणि भारत त्यांचा सदस्य नाही. उघडी आहेत ती अशी, बँकॉकची अॅनफ्रेल ही आशियातल्या नागरी संस्थांची जोडणी, ती आशियाई लोकांना पाठवते, कार्टर सेंटर वेगवेगळ्या देशांचे दीर्घकालीन निरीक्षक घेतं, संयुक्त राष्ट्रांचे स्वयंसेवक आणि यूएनडीपीचे (संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम) निवडणूक सहाय्य प्रकल्प, स्टॉकहोमची इंटरनॅशनल आयडिया ही लोकशाही आणि निवडणुकांवर काम करणारी अनेक देशांची संस्था, जिचा भारत संस्थापक सदस्य आहे. कॉमनवेल्थची पथकं असतात पण तिथे बहुधा माजी निवडणूक आयुक्त, न्यायाधीश वगैरे बोलावतात. भारताची या क्षेत्रातली परंपरा जुनी आहे हे आपल्याकडे फार सांगितलं जात नाही, पहिल्या सार्वत्रिक निवडणुका पार पाडलेले सुकुमार सेन १९५३ मध्ये सुदानच्या निवडणूक आयोगाचे अध्यक्ष म्हणून तिकडे गेले होते.

मराठी माणसाला नेपाळमध्ये एक खरा फायदा मिळतो. तिथली मतदार यादी, निकालपत्र, दारावरची नोटीस सगळं देवनागरीत, आकडे सुद्धा. दुभाष्या नसला तरी केंद्राबाहेर लावलेला कागद तुम्ही वाचू शकता, थोडी नेपाळी शिकलात तर गावातल्या बाईशी बोलू शकता. युरोपातून आलेल्या निरीक्षकाला हे महिनाभराने पण जमत नाही. बाकी जगासाठी फ्रेंच, पोर्तुगीज, अरबी यातली एक तरी भाषा कामापुरती लागते, विशेषतः पश्चिम आणि मध्य आफ्रिकेसाठी फ्रेंच.

शिक्षणाबद्दल, परदेशातली मानवाधिकाराची एलएलएम चांगलीच असते, पण तीस-चाळीस लाखांचं कर्ज डोक्यावर घेऊन आधी डिग्री आणि मग अनुभव असा क्रम लावू नका. इथे कायदा करा, किंवा सांख्यिकी, किंवा पत्रकारिता, तिन्हीची गरज आहे, सांख्यिकीवाल्यांची तर फारच. आणि काम इथूनच सुरू करा. ग्रामपंचायत, नगरपालिका, जिल्हा परिषद, महापालिका, राज्य निवडणूक आयोगाच्या एवढ्या निवडणुका आपल्या दारात होतात. उमेदवारांची शपथपत्रं वाचा, दोन निवडणुकांमधली मालमत्ता शेजारी शेजारी ठेवून बघा, वॉर्डाची मतदार यादी घेऊन घरोघर पडताळणी करा, माहिती अधिकारात खर्चाचे हिशेब मागा, प्रचाराच्या तक्रारींचं पुढे काय झालं ते विचारा. उमेदवाराची गुन्ह्यांची आणि मालमत्तेची माहिती आज आपल्याला मिळते ती एडीआरने केस लढवली म्हणून, २००२-०३ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालांमुळे, म्हणजे हे काम भारतात झालेलं आहे, नवीन नाही. मुलाखतीत "मी अमुक तालुक्यात १२ गावांच्या याद्या तपासल्या, इतकी मयत नावं आणि इतकी दुबार सापडली, अशा पद्धतीने" असं सांगणारा उमेदवार मला तरी नुसत्या डिग्रीवाल्यापेक्षा केव्हाही जास्त भरवशाचा वाटेल.

पैशाचं स्पष्टच सांगते. अल्पकालीन निरीक्षकाला बहुतेक ठिकाणी पगार नसतो, प्रवास, राहणं आणि रोजचा भत्ता एवढंच. दीर्घकालीन आणि तज्ज्ञांना चांगले पैसे मिळतात, पण कंत्राट दोन-तीन महिन्यांचं, मग पुढचं कधी ते माहीत नाही. म्हणून बरेच लोक मध्ये वकिली करतात, शिकवतात, सल्लागार म्हणून काम करतात. आणि २०२५ पासून परिस्थिती आणखी कठीण झालीय. जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत गोठवली, १ जुलैला यूएसएड ही परदेशी मदत देणारी अमेरिकी सरकारी संस्था औपचारिकरीत्या बंद होऊन उरलेलं काम परराष्ट्र खात्यात गेलं, आणि एनडीआय, आयफेस, आयआरआय यांसारख्या लोकशाही आणि निवडणुकांवर काम करणाऱ्या संस्थांचा मोठा आधारच गेला, वीस-वीस वर्षं अनुभव असलेली माणसं घरी बसली. जास्त नुकसान झालं ते अनेक देशांतल्या स्थानिक संस्थांचं, ज्यांच्या हजारो स्वयंसेवकांचं ट्रेनिंग, प्रवास आणि मेसेजची यंत्रणा या पैशावर चालत होती. एलॉगसारखं सतराशे केंद्रांवर माणूस बसवायला पैसे लागतातच, ते कुठून आणायचे यावर आफ्रिकेत आणि आशियात सध्या गंभीर चर्चा चालू आहे, काही जण स्थानिक वर्गणीचा विचार करतायत, काही नमुना लहान करून बघतायत.

म्हणून आज यात येणाऱ्याने एका मोठ्या परदेशी संस्थेच्या नोकरीवर सगळं लावू नये. दुसरं एक पोट भरेल असं कौशल्य हातात ठेवा, आणि निवडणुकीचं काम त्याच्या जोडीने वाढवत न्या. सुरुवात करायची तर केनियाच्या २०१७ च्या खटल्याचं पूर्ण निकालपत्र मोफत वाचायला मिळतं, बहुमताचा निकाल आणि विरोधातल्या दोन न्यायाधीशांचं मत दोन्ही वाचा, विरोधातलं मत तर नक्कीच, कारण मतदाराने दिलेलं मत तांत्रिक चुकांसाठी का फेकून द्यायचं हा त्यांचा प्रश्न हलका नाही. त्यानंतर युरोपियन युनियनचा किंवा कार्टर सेंटरचा कुठल्याही एका निवडणुकीचा अंतिम अहवाल घ्या आणि त्यात शेवटी दिलेल्या शिफारशींच्या यादीपासून वाचायला सुरुवात करा.